आधी पोळी खा, मग बोलू

अगं छोटी, आई म्हणाली तू परवापासून पोळी बंद केलीस. का, तर तुला कमी ऐकू येतंय आणि सीलिॲक नावाच्या आजारानं कान जातात असं कुठंतरी वाचलंस. जबलपूरच्या अधारतालला राहून गव्हाशी कट्टी! १९६४ पासून इथं कृषी विद्यापीठ आहे, गव्हाची वाणं काढणारी माणसं आपल्या गल्लीतून स्कूटरवर जातात. चेष्टा नाही करत. पण आज रात्री दोन पोळ्या खा, मग बोलू.

कारण ऐक. सीलिॲकची पहिली तपासणी रक्ताची असते, टीटीजी-आयजीए म्हणतात तिला. गहू पोटात गेला की शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती त्यात मोजतात. गहू सोडलास की ती हळूहळू उतरतात. मग आजार असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि पुन्हा कित्येक आठवडे गहू खाऊन तपासायची पाळी येते. सोबत एकूण आयजीएही मोजून घे. ते मुळातच कमी असेल तर पहिला रिपोर्ट फसवा निघतो. रक्तात काही सापडलं तर दुर्बिणीनं लहान आतड्याचा बारीक तुकडा काढून बघतात.

आणि सीलिॲक म्हणजे गव्हाची ॲलर्जी नव्हे बरं. गहू, जव आणि राय यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की आपलीच प्रतिकारशक्ती आतड्याच्या लवीवर उठते. लव झिजली की लोह, बी-१२ अंगी लागत नाही. सगळ्यांना जुलाब होतातच असं नाही. उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला हा आजार असतो आणि पुष्कळांना पत्ताच नसतो. खरं सांगू? तुझ्या कानापेक्षा मला तुझं हिमोग्लोबिन जास्त खटकतं. लोहाच्या गोळ्या इतके दिवस घेतेस, तरी ते वर सरकत नाही. डॉक्टरांना आधी ते सांग.

आता कान. २००७ साली इटलीत २४ सीलिॲक रुग्ण आणि तेवढीच निरोगी माणसं घेऊन कान तपासले, तर रुग्णांमध्ये आतल्या कानाचा बहिरेपणा जास्त निघाला. २००९ साली इटलीतल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिलं आणि हा योगायोग आहे म्हणून सांगितलं. बिघडलेली प्रतिकारशक्ती आतल्या कानालाही दुखावत असावी, हा अंदाज आहे, सिद्ध झालेला नाही. अशा इवल्याशा अभ्यासांवर मी घरातला गव्हाचा डबा रिकामा करणार नाही. गहू सोडला की गेलेलं ऐकू येणं परत येतं असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याच्यावर मुळीच विश्वास ठेवू नकोस.

तू ‘सात’ला ‘आठ’ ऐकतेस, पंखा चालू असला की आईचं बोलणं निसटतं, टीव्हीचा आवाज वाढवतेस. स, फ यांसारखे बारीक आवाज आधी जातात. त्यासाठी ऑडिओमेट्री कर. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, ‘टुं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. दुखत नाही. कधी कधी नुसता मळही निघतो! पण एका कानानं ऐकू येणं एक-दोन दिवसांत एकदम बंद झालं, तर सीलिॲकचा विचार नंतर. त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्यांकडे पळायचं. तिथं उशीर महागात पडतो.

समजा सीलिॲक निघालंच, तर रडायचं नाही. आपल्याकडे मंडला-दिंडोरीची कोदो-कुटकी आहे, ज्वारी-बाजरी आहे, भात तर आहेच. गक्कड-भर्त्यातला भर्ता खायचा, गव्हाचे गक्कड सोडायचे. फसवणारे पदार्थ वेगळेच असतात: जव घातलेलं सत्तू, थालीपिठाची भाजणी, आणि हिंग! डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, मागची बारीक अक्षरं वाच. चक्कीवाल्या भैयालाही नुसतं ‘ज्वारी दळून दे’ म्हणून भागत नाही. त्याच चक्कीत आधी गहू दळलेला असतो. घरी छोटी चक्की घ्यावी लागेल, ती मी देईन.

सोमवारी रक्त द्यायला माझ्याबरोबर चल. जुने हिमोग्लोबिनचे कागद शोधून ठेव, आणि आईला आत्ताच फोन कर, कणीक मळायला सांग.