मध्य सोडून बाजूने

आर्या : मामा, ठाण्याच्या स्पर्धेत समोरच्या मुलीने घोडा काढला, मग सी-४, मग उंट जी-२ वर. पटाचा मध्य मला मोकळा दिला, तरी अडकले मीच!

मामा : दिला कुठे? नेम धरला होता. जी-२ वरचा उंट एच-१ ते ए-८ या तिरप्या रांगेवर असतो; ई-४, डी-५ त्याच रांगेत येतात. तू तिथे प्यादी नेलीस, आणि प्यादं काही मागे फिरत नाही.

आर्या : ही रीत कुणाची?

मामा : नाव रिचर्ड रेटीचं झालं. पण आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, त्यामुळे संथ मांडणी आपल्याकडे मुरलेली होती. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी, जॉन कॉक्रेनसमोर, काळ्याचा उंट जी-७ वर ठेवून खेळायचे. हे फार कमी सांगितलं जातं, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

आर्या : आणि रेटी?

मामा : न्यूयॉर्क, २२ मार्च १९२४. समोर जगज्जेता कापाब्लांका, १९१६ पासून एकही डाव न हरलेला. रेटीने घोडा एफ-३, सी-४, मग बी-४ करून दोन्ही उंट बी-२ आणि जी-२ वर बसवले. डी-४ केलं थेट सोळाव्या चालीला! तोवर मागे सगळी तयारी झालेली. मध्य फुटला, मोहरे कटले, आणि त्याचे दोन्ही हत्ती डी-स्तंभावर एकामागे एक उभे राहिले. एकतिसाव्या चालीला मागचा हत्ती डी-५ वर आला आणि काळ्या वजिराला सुरक्षित घरच उरलं नाही. कापाब्लांकाने डाव सोडला. हा डाव पटावर मांडून बघ, वाचून कळत नाही.

आर्या : म्हणजे बाजूने खेळलं की जमतंच?

मामा : छे! १९७०, बेलग्रेड. लार्सन विरुद्ध स्पास्की. लार्सनने पहिलीच चाल बी-३ केली. पुढे पहिल्या सहा चालींत तीनदा एकच घोडा हलवला, दुसरा शेवटपर्यंत घरातच. स्पास्कीने चौदाव्या चालीला हत्ती एच-१ वर बळी दिला, त्यामागून जी-स्तंभावरचं प्यादं वजीर व्हायला निघालं आणि सतराव्या चालीला डाव संपला. मध्य उशिरा घेतला तर चालतं, मोहरे उशिरा काढून चालत नाही.

आर्या : मग मी काय करायला हवं होतं?

मामा : तुझा नोंदीचा कागद आण. त्या मुलीने डी-४ केलं तेव्हा तुझा राजा कुठे होता, ते आधी बघू.