हसणारे पुष्कळ, हाक मारणारा एक





आपल्याच शाळेतील एक प्रसंग सांगतो. प्रार्थनेनंतर सातवीची एक विद्यार्थिनी प्रवासाचा अनुभव सांगायला उभी राहिली. तिच्या घरी कानडी बोलतात. बोलता बोलता ती म्हणाली, "खूप वेळ बस आला नाही." रांगेत खसखस पिकली. दुपारपर्यंत 'बस आला' हे तिचे नावच पडले. दुसऱ्या दिवसापासून तिने हात वर करणे सोडले आणि नंतर चार दिवस ती शाळेतच आली नाही.

मुलांना विचारले तर उत्तर मिळाले, "सर, आम्ही नुसती गंमत केली." मला रागावता आले नाही. कारण त्या दिवशी व्यासपीठावर उभा असलेला मीही हसलो होतो.

माझे हसणे तर जास्तच चुकीचे होते. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, आवाजही स्त्रीलिंगी. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत मी फळ्यावर लिहिले, 'नवीन पुस्तक आली आहे.' पुढे कितीतरी दिवस मला पाहिले की कोणीतरी विचारी, "काय सर, पुस्तक आली का?" मी मराठीत बोलणे टाळू लागलो. एक वयस्क शिक्षक मात्र कधी हसले नाहीत. शाळा सुटल्यावर ते मला थांबवून घेत आणि चूक समजावून सांगत. आज मी हे चार शब्द लिहितो आहे, ते त्यांच्यामुळे. चूक हसणाऱ्यांनाही दिसली होती आणि त्यांनाही. पण त्यांनी ती एकट्याला सांगितली, इतरांनी चौघांत.

मित्रांनो, आपला भाग कोणता, हे आठवा. १९५६ पर्यंत बीदर आणि कलबुर्गी हैदराबाद राज्यात होते. मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू येथे एकमेकींच्या शेजारी नांदल्या. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदच्या बाजारात एकच माणूस एका सौद्यात तीन भाषा बोलतो. आपले अण्णा, अक्का आणि घरातले तूप या शब्दांचे नाते कानडीशी आहे. दप्तर, कागद, हजेरी हे शब्द फारसी-अरबीतून आले, पेन इंग्रजीतून. परक्या शब्दांना मराठीने घरात घेतले. मग ती शिकणाऱ्या मुलीला आपण दाराबाहेर का ठेवावे?

टोपणनावांचेही तसेच. बाराव्या शतकात आपल्या बसवकल्याणात महात्मा बसवेश्वरांच्या अनुभव मंटपात वेगवेगळ्या व्यवसायांचे लोक एकत्र बसत. मडिवाळ माचय्या, अंबिगर चौडय्या, नुलिय चंदय्या ही त्यांतली नावे. मडिवाळ म्हणजे परीट, अंबिगर म्हणजे नावाडी, नुलिय म्हणजे दोर वळणारा. बाहेर ज्या कामांवरून माणसाला हिणवले जाई, ती कामे तेथे नावापुढे मानाने लागली. शब्द तेच, पण ते उच्चारणाऱ्यांची दृष्टी बदलली होती.

आता ज्याला हसले जाते त्याचा विचार करू. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांना लोकांनी 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवले. परंपरेत अशी कथा आहे की, एकदा लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून त्यांची समजूत घातली. तेच तिचे प्रसिद्ध ताटीचे अभंग. ज्ञानदेवांसारख्यांनाही अशा वेळी दाराबाहेरून कोणाची तरी हाक लागली, तर सातवीतल्या मुलीला ती लागणारच.

आपल्या शाळेतही ती हाक मारणारी निघाली. वर्गातलीच एक मुलगी तिच्या घरी गेली आणि म्हणाली, "चल, उद्या आपण दोघी मिळून वाचू." दोघी एकत्र उभ्या राहिल्या. पहिली अडखळली तेव्हा दुसरी थांबली. मग दोघींनी ते वाक्य पुन्हा वाचले. त्या दिवशी कोणी हसले नाही. मीसुद्धा तिची आणि सर्व मुलांची माफी मागितली.

सांगायचे तात्पर्य, टिंगल करणारा एकच असतो; त्याला बळ देतात ते हसणारे. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ज्याची थट्टा चालली आहे तो स्वतः हसत नसेल तर ती थट्टा नव्हे. आपणही हसू नये. दोन, मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसावे. तीन, त्रास थांबत नसेल तर शिक्षकांना सांगावे. ती चहाडी नव्हे. कोणाची फजिती मोबाईलवर आली तर ती पुढे पाठवू नये.

पालकांना विनंती, घरी कोणाच्या बोलण्याची, रंगाची, व्यंगाची नक्कल करू नये. मुले तेथूनच शिकतात. शिक्षकांनी लक्षात ठेवावे की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मुलांच्या मानसिक छळालाही मनाई केली आहे. विश्वस्त मंडळींना सुचवावेसे वाटते की, वक्तृत्वाच्या बक्षिसांसोबत, सोबत्याला बोलते करणाऱ्या विद्यार्थ्याचेही दरवर्षी कौतुक व्हावे.

स्वाध्याय
१. तुमच्या वर्गात कोण हल्ली गप्प असते? त्याच्याशी आज बोला.
२. तुम्ही कोणाला ठेवलेले टोपणनाव त्याला आवडते का, ते विचारा. आवडत नसेल तर सोडून द्या.
३. घरातील दहा शब्द शोधा, जे दुसऱ्या भाषेतून आले आहेत.

आपला,
मुख्याध्यापक