मित्राच्या घराची वाट

इराण देशाच्या उत्तर भागात कोकेर नावाचे एक लहानसे खेडे आहे. अब्बास किआरोस्तामी या इराणी दिग्दर्शकांनी १९८७ साली तेथे एक चित्रपट तयार केला. 'मित्राचे घर कोठे आहे?' असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यात राजवाडे नाहीत, लढाया नाहीत. आहे ती केवळ एका साध्या वहीची कथा.

मोहम्मद रझा नेमतझादे हा विद्यार्थी गृहपाठ वहीत न लिहिता सुट्या कागदावर लिहून आणतो. पुन्हा असे घडल्यास शाळेतून काढून टाकू, अशी ताकीद गुरुजी त्याला देतात. बिचारा मोहम्मद हुंदके देऊन रडू लागतो. शेजारी बसलेला त्याचा मित्र अहमद हे मुकाट्याने पाहत असतो.

घरी येऊन अहमद दप्तर उघडतो, तो आत मोहम्मदची वही! दोघांच्या वह्या दिसायला अगदी सारख्या. त्यामुळे नजरचुकीने ती त्याच्याकडे आलेली असते. आता मोहम्मद गृहपाठ कशात लिहिणार? अहमद आईला परोपरीने विनवितो. परंतु ती कामात गढलेली असते. आधी अभ्यास कर, असेच ती पुनःपुन्हा बजाविते. एकीकडे आईची आज्ञा, दुसरीकडे मित्रावरील संकट! अखेर तिची दृष्टी चुकवून अहमद वही घेऊन धावत सुटतो.

टेकडीवरील नागमोडी वाट चढून तो पलीकडच्या पोश्ते गावी पोहोचतो. तेथे नेमतझादे आडनावाची माणसे पुष्कळ. मित्राचे घर मात्र कोणी नेमके सांगत नाही. मोठी माणसे त्याला कामे सांगतात, उपदेश करितात. त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास कोणालाही सवड नसते. सायंकाळी एक वृद्ध सुतार तेवढा त्याच्या सोबतीस येतो. तो त्याला एक फूल देतो. अंधार पडतो, तरी घर सापडत नाही.

अहमद निराश होऊन परततो, न जेवता रात्री लिहीत बसतो. दुसऱ्या दिवशी गुरुजी वह्या तपासू लागतात. अहमदला उशीर झालेला असतो. मोहम्मदची पाळी येण्यापूर्वीच तो येऊन वही त्याच्यापुढे ठेवितो. गृहपाठ पूर्ण असतो आणि पानांत ते फूल असते.

दुसऱ्याचा गृहपाठ लिहून देणे योग्य नव्हे, हे खरे. परंतु आपल्या हातून झालेल्या चुकीची शिक्षा मित्राला होऊ नये, ही अहमदची तळमळ होती. ती कोणी त्याला शिकविली नव्हती.

१९९० साली त्या प्रदेशात भयंकर भूकंप झाला. सहस्रावधी माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या चित्रपटात काम केलेली मुले कशी असतील, या चिंतेने किआरोस्तामी स्वतः त्या उद्ध्वस्त प्रदेशात त्यांचा शोध घेण्यास गेले. अहमद व मोहम्मद यांची कामे करणारे ते दोघे सख्खे भाऊ सुखरूप होते. पडद्यावर अहमद ज्या तळमळीने घरे शोधीत फिरला, तीच तळमळ त्याची कथा सांगणाऱ्यालाही तेथे घेऊन गेली होती.