भिंत झाकणारा रंग

पावसाळा सरला की खारबावात घरोघरी भिंती रंगविण्याचे दिवस येतात. गेल्या दिवाळीपूर्वी आम्हीही एक खोली रंगवावयास काढली. तिच्या भिंती गर्द हिरव्या होत्या. स्वस्तात मिळालेल्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, तरी आतला हिरवेपणा डोकावतच राहिला. तिसरा हात दिला. रंगाऱ्याची आणखी एका दिवसाची मजुरी गेली. तेव्हा, रंग भिंत झाकतो म्हणजे नेमके काय करतो, असा प्रश्न आम्हांस पडला.

विद्यार्थ्यांनी कागदावर तेलाचा एक थेंब टाकून पाहावा. तेवढाच भाग अर्धपारदर्शक होतो. कागदाच्या तंतूंचा वक्रीभवनांक सुमारे 1.5 आणि त्यांमधील हवेचा 1 असतो. या अंतरामुळे प्रकाश जागोजागी वळतो, विखुरतो व परत फिरतो. हवेच्या जागी 1.48 अंकाचे तेल शिरले की अंतर उरत नाही आणि प्रकाश आरपार जातो. रंगाचेही असेच आहे. खडूचा अंक सुमारे 1.6, म्हणून तेलात कालविलेली खडूची पूड जवळजवळ काहीच झाकीत नाही. उलट चुन्याची सफेती ओली असताना पाण्यासारखी दिसते व वाळल्यावर पांढरीशुभ्र होते, कारण पाणी उडून त्याच्या जागी हवा येते. (ओली सफेती पाहून 'चुना पातळ झाला' असे रंगाऱ्यास रागे भरणाऱ्यांनी थोडा धीर धरावा!) जस्ताच्या भस्माचा अंक 2 आहे, आणि टिटॅनियमच्या पांढऱ्या भस्माचा सुमारे 2.7. चांगल्या रंगाची झाकणशक्ती मुख्यतः या शेवटच्या द्रव्याची. ते ज्या खनिजापासून काढतात ती काळी वाळू केरळात आहे, तशी आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. पूर्वी याच कामी शिशाचा सफेदा वापरीत. पण शिसे विषारी, आणि मुलांना तर विशेषच. नोव्हेंबर 2017 पासून आपल्या देशात घरगुती रंगांत दहा लक्ष भागांत 90 भागांहून अधिक शिसे असण्यास कायद्याने मनाई आहे.

आता डबा निवडावा कसा? लहान डबा आणून वर्तमानपत्राच्या ठळक मथळ्यावर एक हात द्यावा व पुरता वाळू द्यावा. दोन हातांनंतरही अक्षरे स्पष्ट वाचता येत असतील, तर तो रंग गर्द भिंतीसाठी घेऊ नये. किंमतही डब्यावरून नव्हे, झाकलेल्या भिंतीवरून मोजावी. समजा, एका हातास स्वस्त रंग 100 रुपयांचा लागतो व चांगला 140 रुपयांचा. पहिल्याचे तीन हात 300 रुपये, दुसऱ्याचे दोन हात 280, मजुरी निराळीच. रंगारी वाजवीपेक्षा अधिक पाणी घालीत नाही ना, हेही पाहावे. भडक पिवळे व तांबडे रंग बहुधा कमी झाकतात. त्यांच्याखाली फिकट राखी अस्तर दिल्यास काम सोपे होते.

ओल मात्र कोणताही रंग झाकीत नाही. खाडीकडच्या दमट हवेत भिंतीस लोणा फुटला असेल, तर आतले क्षार वर येऊन उत्तम रंगाचेही पोपडे पाडतात. आधी ओलीचे मूळ बंद करावे, लोणा कोरड्या ब्रशाने झाडावा आणि भिंत आठवडेच्या आठवडे सुकू द्यावी. दिवाळी जवळ आली असता इतका धीर कोणास धरवतो? आम्हांस तरी धरवला नाही, आणि खिडकीखालचा तो कोपरा पुन्हा खरवडावा लागला.