चालण्याचा सामुदायिक खेळ

साठी उलटली की अनेक भगिनींचे चालणे स्वयंपाकघर ते देवघर एवढेच उरते. पायांचे स्नायू दुबळे होतात, तोल जाऊन पडण्याची भीती वाढते. त्यात दहा हजार पावलांचा आकडा ऐकून उत्साहच मावळतो. वास्तविक हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. ७,५०० पावलांपुढे हा लाभ फारसा वाढला नाही.

एकटीने चालण्याचा कंटाळा येत असल्यास पाच मैत्रिणींनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट करावा. मोबाइल कमरेच्या पिशवीत ठेवावा, म्हणजे पावले मोजली जातात. रोज रात्री आकडे कळवून बेरीज करावी. दोन हजार पावलांचा अंदाजे एक किलोमीटर धरल्यास, प्रत्येकी चार हजार पावलांनी दिवसाला दहा किलोमीटर होतात. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे २५० किलोमीटर. म्हणजे पंचवीस दिवसांत सर्वांची मिळून वारी पुरी! पहिला-दुसरा नंबर काढू नये. जिचा आकडा आला नाही, तिची फोनवरून विचारपूस करावी.

पावले हळूहळू वाढवावीत. चप्पल घसरणारी नसावी. छातीत दुखल्यास, धाप लागल्यास किंवा चक्कर आल्यास लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. गुडघेदुखी, हृदयविकार असणाऱ्यांनी आधीच सल्ला घ्यावा.