पक्षपात की पक्षपाताचा भास? : पत्त्यांच्या जागतिक स्पर्धांवरून एक अभ्यास

स्पर्धा संपून निकाल जाहीर झाला की हरलेल्या बाजूकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हे सारे आधीच ठरले होते.’ क्रीडांगण असो, वक्तृत्वाचे व्यासपीठ असो वा स्नेहसंमेलनातील एकांकिका असो, हा आरोप सर्वत्र होतो. दोन्ही बाजू दोन प्रांतांच्या किंवा दोन भाषांच्या असल्या तर त्याला अधिकच धार येते. मराठी व कन्नड असे दोन विभाग असलेल्या या अंकाच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. म्हणूनच हा प्रश्न आपल्या अंगणातून जरा दूर नेऊन तपासावा असे मला वाटले. आपले कोणी त्यात गुंतलेले नसले की डोके शांत राहते. मी संख्याशास्त्र शिकवतो, तेव्हा थोडी आकडेमोडही येईल. वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

उदाहरण घेतो ते संग्रही पत्त्यांच्या खेळांचे. आपल्या मेंढीकोटात किंवा रमीत सर्वांसाठी तेच बावन्न पत्ते असतात. कोणाला कोणते पान येईल हे नशिबावर असले तरी कॅट सर्वांचा एकच. या खेळांत मात्र प्रत्येक खेळाडू बाजारातून पाने विकत घेऊन किंवा अदलाबदल करून आपला स्वतःचा कॅट जुळवून आणतो. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली निघाला आणि या प्रकाराचा पाया घातला गेला. जपानमध्ये १९९६ साली ‘पोकेमॉन’चे व १९९९ साली ‘यू-गि-ओह’चे पत्ते आले, आणि पुढे ते पाश्चात्त्य देशांत पोहोचले. तिन्ही खेळांच्या जागतिक स्पर्धा होतात, आणि तिन्हींत ‘अमुक देशाला झुकते माप मिळते’ ही तक्रार ऐकू येते.

तक्रारीचे प्रकार मला तीन दिसतात. ते एकमेकांत मिसळले की वाद वाढतो, म्हणून वेगवेगळे घेऊ.

पहिला प्रकार : नियम व वेळ

पोकेमॉनची नवी पाने आधी जपानमध्ये निघतात आणि इंग्रजी आवृत्ती मागाहून येते. साहजिकच इतर देशांतील खेळाडू म्हणतात, ‘जपान्यांना सराव आधी मिळतो.’ म्हणणे खोटे नाही. पण दुसरी बाजूही पाहावी. जपानमधील मोठ्या स्पर्धांत बहुधा एकाच डावावर निकाल लागतो. जागतिक स्पर्धेत तीनपैकी दोन डाव जिंकावे लागतात. म्हणजे जपानी खेळाडूला तेथे परक्या पद्धतीने खेळावे लागते. एकाच व्यवस्थेत प्रत्येकाला काही सोयीचे, काही गैरसोयीचे असते. आणि स्वतःची गैरसोय तेवढी ज्याच्या त्याच्या लक्षात राहते.

यू-गि-ओहमध्ये हा भेद आणखी ठळक आहे. जपान व आशियातील बराच भाग एका नियमावलीखाली, तर अमेरिका व युरोप दुसऱ्या नियमावलीखाली खेळतात. कोणत्या पानांवर बंदी आहे याच्या याद्याही वेगळ्या. मग दोघांना समोरासमोर बसवायचे कसे? जागतिक स्पर्धेसाठी तोडगा असा काढण्यात आला की, दोन्हीकडे प्रसिद्ध झालेलीच पाने चालतील, आणि बंदीच्या बाबतीत दोहोंपैकी जी यादी कडक असेल ती लागू होईल. या तोडग्याने दोघांचेही थोडे नुकसान होते. पण एकाचेच होत नाही.

दुसरा प्रकार : संधी व अंतर

पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. खेळाडूने वर्षभर गुण मिळवून निमंत्रण कमवायचे, आणि त्याच्या अटी विभागागणिक वेगळ्या. मोठ्या स्पर्धा उत्तर अमेरिका व युरोपात पुष्कळ होतात. दक्षिण अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाकडील खेळाडूला त्यांसाठी लांबचा प्रवास पदरमोड करून करावा लागतो.

आता २०१७ साली प्रौढ गटाचे विजेतेपद अर्जेंटिनाच्या खेळाडूने मिळवले, २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या आणि २०२४ साली होनोलुलू येथे चिलीच्या. चिलीचा विजेता अवघा अठरा वर्षांचा होता. देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला आपल्या प्रासादात बोलावून त्याचा गौरव केला. यावर कोणी म्हणेल, ‘पाहा, दूरचे लोकही जिंकतात, मग अन्याय कसला?’ हा तर्क मला सदोष वाटतो. एक मुलगा डोंगर चढून शाळेत पहिला आला, एवढ्यावरून वाट सोपी होती असे ठरत नाही. जे वाटेतच थांबले त्यांची नावे निकालपत्रात नसतात. येथे कोणी हेतुपूर्वक पक्षपात केला असेल असे नाही. पण व्यवस्थेची रचनाच काहींना जड जाणारी आहे, आणि ती दाखवून देणे रास्त आहे.

याच्या उलट चूकही तितकीच होते. समजा, एका स्पर्धेत शंभर खेळाडू आहेत. ऐंशी ‘अ’ प्रांताचे, वीस ‘ब’ प्रांताचे. सर्वांचे कौशल्य सारखे आहे. शेवटच्या फेरीत आठ जण निवडले जातात आणि आठही ‘अ’चे निघतात. ‘ब’ प्रांतात लगेच ओरड होईल. पण गणित करून पाहिले तर निव्वळ योगायोगानेही असे शंभरांत सुमारे सोळा वेळा घडते. फासा टाकल्यावर एक पडावा, जवळजवळ तितकेच हे सामान्य आहे. मात्र अशा लागोपाठ तीन स्पर्धांत ‘ब’चा एकही खेळाडू आला नाही, तर योगायोगाची शक्यता हजारात चारवर येते. तेव्हा मात्र चौकशी मागायला हवी. एका निकालावरून आरोप करू नये, आणि अनेक निकाल साचल्यावर गप्पही बसू नये.

तिसरा प्रकार : संगनमत

हा प्रकार खरोखरच दोषी ठरवण्याजोगा. त्याचे प्रसिद्ध उदाहरण बुद्धिबळात आहे. १९६२ साली कुरासाव येथे जगज्जेत्याचा आव्हानवीर निवडण्यासाठी स्पर्धा झाली. पेट्रोसियन, केरेस व गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंनी आपापसांतील बाराही डाव बरोबरीत सोडवले. बॉबी फिशरने जाहीर आरोप केला. येथे आरोपामागे आकडा होता, म्हणून त्याला वजन आले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने पुढे पद्धतच बदलली. आव्हानवीर निवडताना दोघादोघांच्या बादफेरीचे सामने सुरू झाले. पत्त्यांच्या खेळांतही हाच धोका असतो, कारण एका गावचे मित्र शेवटच्या फेऱ्यांत समोरासमोर येतात. यू-गि-ओहमध्ये ठरवून बरोबरी करण्यास मनाई आहे. मॅजिकमध्ये ती चालते, पण पैसा किंवा बक्षिसाचा वाटा देऊन निकाल ठरवणे हा गुन्हा मानला जातो.

उपयोग काय?

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे वाटले, तर स्वतःला चार प्रश्न विचारा. नियम स्पर्धेआधी सर्वांना दोन्ही भाषांत कळवले होते का? भाग घेणाऱ्यांत आपली संख्या किती होती? हे एकदाच घडले की वारंवार घडते? आणि दोष माणसाच्या हेतूत आहे की स्पर्धेच्या रचनेत? रचनेत असेल तर परीक्षकाला बोल लावून काही साधत नाही. नियम बदलण्यासाठी अर्ज करावा.

स्पर्धा भरवणाऱ्यांनाही एक विनंती. गुणपत्रके झाकून ठेवल्याने संशय वाढतो. परीक्षकांचे गुण निकालाबरोबरच फलकावर लावावेत. त्यामुळे हरलेल्याचे दुःख कमी होणार नाही. पण आपण कोणत्या बाबीत किती गुणांनी मागे पडलो हे त्याला कळेल, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा नाव नोंदवील.