ब्रेक ऑइल जातं कुठं?

गाडी सर्व्हिसिंगला दिली की गॅरेजमधला पोरगा बॉनेट उघडतो, ब्रेक ऑइलच्या बाटलीत डोकावतो आणि सांगतो, "थोडं कमी होतं, टाकून दिलंय." आपण मान डोलावतो, बिलात एक ओळ वाढते आणि विषय संपतो. तो तिथं संपू देऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

इंजिन ऑइल थोडंफार जळतं, काच धुवायचं पाणी संपतं. ब्रेक ऑइल मात्र खर्च होणारी वस्तू नाही. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन हे तेल नळ्यांतून चाकांकडं ढकलतो, तिथं कॅलिपरचे आणि व्हील सिलिंडरचे पिस्टन पॅड नि लायनर दाबतात. पाय काढला की तेल मागं येतं. बाटलीतली पातळी उतरायला दोनच कारणं असतात. पॅड झिजत गेले की पिस्टन तेवढे बाहेर सरकतात आणि मागची रिकामी जागा तेल भरून काढतं. पण ही उतरण इतकी सावकाश असते की महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. दुसरं कारण गळती. पॅड आणि लायनर नवे असताना पातळी उतरली, तर कारण एकच उरतं.

माझी नोकरी शिरूरला, घर दौंडला. न्हावरा, पारगाव, केडगाव, चौफुला, पाटस हा रस्ता अंगवळणी पडलेला. गाडी जुनी, छोटी. पुढं डिस्क, मागं ड्रम, एबीएस नाही. मागचे लायनर संपले म्हणून एका गॅरेजमध्ये नवे टाकून घेतले. ब्रेक छान लागायला लागला. थोड्या दिवसांनी बाटलीतलं तेल कमी दिसलं, त्याच गॅरेजमध्ये ते वरून भरून मिळालं. ड्रम उघडून बघावा, असं तिथं कुणाला वाटलं नाही.

मग उसाचा हंगाम. न्हावऱ्याच्या अलीकडं पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर म्हणून काहीही नाही. ब्रेक मारला तर पेडल सरळ खाली गेलं आणि पार तळाशी कुठंतरी अडलं. गाडी हळू झाली, पण नेहमीसारखी नाही. डावीकडं ओढत राहिली. गिअर उतरवत, हँडब्रेक खेचत साइडपट्टीच्या मुरमावर घेतली. ट्रॉलीतल्या उसाची वाढी काचेपुढं लोंबत होती.

गाडी थांबली याचं श्रेय मास्टर सिलिंडरच्या रचनेला. त्यात एकामागं एक असे दोन पिस्टन असतात आणि तेलाचे मार्गही दोन. पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत हे मार्ग तिरपे जोडलेले असतात: पुढचं उजवं चाक मागच्या डाव्याशी, पुढचं डावं मागच्या उजव्याशी. एक मार्ग फुटला तरी दुसरा उरतो. माझं मागचं डावं सिलिंडर गेलं, त्याबरोबर पुढचं उजवं चाकही गेलं. उरलेल्या पुढच्या डाव्या चाकानं गाडी डावीकडं ओढली. असं झालं की पेडल खोल जातं आणि थांबायला जास्त अंतर लागतं. "ब्रेक फेल" म्हणून पाय काढू नका, दाबूनच धरा. एक मात्र लक्षात ठेवा: हँडब्रेकची वायर मागच्याच लायनरना ओढते. ते तेलानं भिजले असतील, तर त्या चाकाचा हँडब्रेकही नावापुरताच.

दौंडच्या मिस्त्रींनी ड्रम काढला तेव्हा आतली धूळ तेलात कालवून काळा चिखल झाला होता. त्यांनी व्हील सिलिंडर उघडून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सर, नवं लायनर टाकलं तवाच हे मरायला लागलं."

हे मला कोड्यासारखं वाटलं, पण कारण सरळ आहे. लायनर झिजत जातात तसे सिलिंडरचे दोन्ही पिस्टन बाहेरच्या बाजूला सरकत जातात. त्यांचे रबरी कप मग सिलिंडरच्या बाहेरच्याच भागात मागंपुढं होत राहतात. मधला भाग वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. त्या पाण्यानं मधल्या भागात गंज चढतो, बारीक खड्डे पडतात. नवे जाड लायनर टाकले की पिस्टन पुन्हा आत ढकलले जातात आणि जुने, कडक झालेले कप नेमके त्या गंजावर घासू लागतात. गळती अशी काम केल्यानंतर सुरू होते. म्हणून लायनर बदलताना सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या धुळीच्या रबरी टोप्या उचलून बघायलाच हव्यात. आत कोरडं हवं. ओल दिसली, तर नवे लायनर चढवून उपयोग नाही.

किट टाकावं की आख्खं सिलिंडर बदलावं, यावर गॅरेजात नेहमी वाद. किट म्हणजे फक्त नवे रबर. आतला पृष्ठभाग आरशासारखा असेल, तर किट चालतं. नख फिरवलं आणि ते अडलं, तर नवे कपही लवकरच फाटणार. पॉलिश पेपर मारून खड्डे जात नाहीत. माझं मत विचाराल तर व्हील सिलिंडरच्या बाबतीत किटची काटकसर करू नये, आणि एका बाजूचं गेलं की दुसऱ्या बाजूचंही बदलावं. दोघांचं वय सारखंच असतं. पुण्यात नाना पेठेत सुटे भाग घेताना जुनं सिलिंडर बरोबर न्या. आतला व्यास तोच हवा. मोठ्या व्यासाचं बसलं, तर मागच्या चाकांवर जोर वाढून ओल्या रस्त्यावर ती आधी घसरतात. तेलात भिजलेले लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवणारेही भेटतात. लायनरमध्ये मुरलेलं तेल धुतल्यानं निघत नाही. तापलं की ते पुन्हा वर येतं. ते फेकूनच द्यायचे.

हे काम घरी करणारे हौशी लोक आहेत, त्यांच्यासाठी थोडं. पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर टेकवून खाली हात घालू नका. ड्रमच्या आतल्या धुळीवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. धूळ ओली करून पुसा. तेलाच्या नळीचा नट गंजलेला असतो, साध्या पान्यानं त्याची टोकं गोल होतात आणि मग नळीच बदलावी लागते. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नळी सुटली की तिच्या तोंडावर रबरी टोपी चढवा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्यानं धुवा. रबराच्या भागांना इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल, रॉकेल अजिबात लावायचं नाही. या तेलांनी ब्रेकचे रबर फुगतात. कुणी चुकून इंजिन ऑइल बाटलीत ओतलंच, तर मास्टरपासून चारही चाकांपर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं.

माझ्या गोष्टीचा दुसरा भाग हवा काढण्याचा आहे. नवं सिलिंडर बसलं, मिस्त्रींचा पोरगा गाडीत बसून पेडल थेट तळापर्यंत मारत राहिला, चाकापाशी निप्पल उघडत-मिटत गेलं. हवा निघाली, पेडल कडक झालं. आठवड्याभरात सिग्नलला हलका पाय ठेवून उभं राहिलं की पेडल सावकाश बुडायला लागलं. बाटलीतली पातळी मात्र जशीच्या तशी! पुन्हा तेच दुखणं, जागा वेगळी. रोजच्या वापरात पेडल कधी तळाशी जात नाही, त्यामुळं मास्टर सिलिंडरचं पुढचं टोक गंजत राहतं. हवा काढताना कप तिथपर्यंत नेले की ते चिरतात. मग तेल बाहेर न गळता कपाच्या बाजूनं मागं, बाटलीतच परततं. मास्टर बदलला. आता हवा काढायची असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला लावतो.

ही तपासणी कुणालाही जमते. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग हलक्या पायानं अर्धा मिनिट धरून ठेवा. जोरात दाबू नका. जोर असला की झिजलेले कपही कडेला चिकटून बसतात आणि दोष लपतो. पेडल बुडालं आणि बाहेर कुठं गळती नसेल, तर मास्टर संपला. स्पंजासारखं लागलं आणि पंपिंग केल्यावर वर आलं, तर बहुधा आत हवा आहे. तेल कमी होतंय, चाकं कोरडी आहेत, खाली थेंबही नाही, असं असेल तर मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथं बसतो तिथं मागून ओल आहे का, ते बघायला सांगा. मागचा सील गेला की तेल गुपचूप बूस्टरमध्ये उतरतं.

शिरूर-दौंडचा मुलूख सपाट. स्पीडब्रेकर आणि जनावरं सोडली तर ब्रेकला इथं फारसं काम पडत नाही, म्हणून जुनं तेल वर्षानुवर्षं खपून जातं. त्याची परीक्षा दिवे घाटात किंवा माळशेज उतरताना होते. नवं डॉट-३ तेल किमान २०५ अंशांना उकळतं. ठरावीक पाणी शोषलं की तीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, पेडल रिकामं जातं. दर दोन वर्षांनी तेल पूर्ण बदलावं, वरून भर घालून भागत नाही. डब्याचं सील आपल्यासमोर फोडायला लावा. अर्धा वापरून गॅरेजच्या फळीवर राहिलेला डबा नको. डॉट-३ च्या जागी डॉट-४ चालतं, सिलिकॉनचं डॉट-५ नाही.

एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीत हवा काढायला काही वेळा कंपनीचं स्कॅनर लागतं, तेव्हा घरी खटपट न केलेली बरी. पण तिच्याही मागच्या चाकांना ड्रम असतील, तर आत व्हील सिलिंडर तसंच असतं. दुरुस्तीनंतर पहिली चाचणी गॅरेजच्या दारात, गाडी उभी असताना. दुसरी बोळात, पहिल्या गिअरवर. पाटसचा हायवे त्यानंतर.